घरी बसवलेला पर्यायी रेडिएटर : जाळी उत्तम, जोडण्या मध्यम

मोटारीचा रेडिएटर, म्हणजे इंजिनाची उष्णता बाहेर टाकणारा भाग, तडकला की तो दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो, हे प्रथम सांगितलेले बरे. कारण या परीक्षणाचा विषय असलेला भाग विकत घेण्याची वेळ बहुतेकांवर याच कारणाने येते. पूर्वीचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत, गळू लागले की कारागीर ते झाळून देत आणि तोच रेडिएटर पुन्हा वर्षानुवर्षे चाले. आजच्या बहुसंख्य मोटारींत मधली जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही टोकांच्या टाक्या काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या असतात. टाकी आणि जाळी यांच्यामध्ये रबराची गास्केट ठेवून ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या कडा टाकीवर दुमडून घट्ट केलेल्या असतात. हे नायलॉन सतत गरम-थंड होऊन आणि तापलेले कूलंट (इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यात फिरणारा द्रव) सोसून हळूहळू ठिसूळ होते, आणि चीर बहुधा वरच्या होजच्या (कूलंटच्या रबरी नळीच्या) तोंडाच्या मुळाशी किंवा दुमडलेल्या कडेला लागून पडते.

माझ्या गाडीत ती वरच्या तोंडाच्या मुळाशी होती. साध्या उजेडात काहीच दिसत नव्हते. विजेरीचा झोत तिरपा टाकला तेव्हा बारीक रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना वाळून बसलेली फिकट गुलाबी खपली दिसली. इंजिन थंड असताना तेथून थेंबही येत नसे, कारण अशी चीर दाबाखालीच उघडते आणि चालू गाडीच्या रेडिएटरमध्ये झाकणाच्या क्षमतेनुसार साधारण ०.९ ते १.१ बार इतका दाब असतो. म्हणूनच 'कूलंट कमी होते, पण गळताना दिसत नाही' अशी तक्रार असेल तर झाकणाच्या जागी हातपंप लावून थंड इंजिनावर दाब देणे, ही सर्वांत खात्रीची तपासणी होय. चीर दिसल्यावर वरून इपॉक्सी लावण्याचा मोह होतो. नायलॉनला तो लेप धड चिकटत नाही, आणि चिकटलाच तरी तापमानाच्या चढउतारात त्याची कड सुटते. गाडी हळूहळू घरापर्यंत आणण्यापुरताच त्याचा उपयोग. कूलंटमध्ये टाकायच्या गळतीरोधक पावडरी आणि द्रव यांच्या वाटेला तर मी जातच नाही, कारण जे रसायन चीर बुजवते ते हीटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकते.

मी घेतलेला रेडिएटर मूळ वाहन-उत्पादकाचा नसून सुटे भाग बनवणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीचा आहे. कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही. एकाच कंपनीचे दोन मॉडेलांसाठीचे रेडिएटर वेगवेगळ्या साच्यांतून येतात आणि एकाचे गुणदोष दुसऱ्याला चिकटवणे न्याय्य होणार नाही. पुढे जे लिहिले आहे ते वाचकाने आपल्या हातातल्या नगावर ताडून पाहावे. माझे मत थोडक्यात असे की जाळीच्या बाबतीत हा माल मूळ भागाच्या तोडीचा आहे, कसर केली आहे ती कॉक (कूलंट काढून टाकण्याची तोटी), झाकण आणि खुंट्या यांसारख्या किरकोळ वाटणाऱ्या जागी, आणि घरी काम करणाऱ्याचा वेळ व संयम नेमका तेथेच खर्ची पडतो.

आधी जाळीविषयी. व्हर्नियरने मोजली तेव्हा तिची जाडी जुन्या जाळीइतकीच, म्हणजे १६ मिलिमीटर भरली. उंची, रुंदी आणि दोन्ही तोंडांचे व्यास यांतही फरक आढळला नाही. चपट्या नळ्या सरळ रेषेत आहेत, त्यांच्यामधल्या नागमोडी पात्या एकसारख्या अंतरावर आहेत, आणि पाती नळीला जेथे टेकते तो सांधा भिंगातून पाहिला तरी कोठे सुटलेला दिसत नाही. उष्णता नळीतून पातीत जाण्याचा मार्ग हा सांधाच असल्यामुळे मी त्याला रंगरूपापेक्षा जास्त महत्त्व देतो. काही विक्रेते त्याच गाडीसाठी अधिक जाड जाळीचा रेडिएटर 'सुधारित' म्हणून सुचवतात. जाड जाळी म्हणजे हमखास चांगले शीतकरण, असे मात्र नाही. तिच्यातून हवा जाण्यास अडथळा वाढतो, पंखा मागे सरकवायला जागा नसेल तर पाते आणि इंजिन यांच्यातले अंतर धोकादायक रीतीने कमी होते, आणि रोजच्या वापराच्या गाडीला त्या जादा क्षमतेची गरजही नसते, कारण इंजिनाचे तापमान अखेर थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार कूलंटचा मार्ग उघडणारी झडप, ठरवतो.

नवा रेडिएटर बसवण्यापूर्वी आतून धुवावा, ही सूचना पेटीतल्या माहितीपत्रकात नव्हती आणि ती असायला हवी होती. ॲल्युमिनियमची जाळी भट्टीत जोडताना फ्लक्स (सांधा नीट जुळावा म्हणून लावायचे रसायन) वापरावा लागतो, त्याचा काही अंश नळ्यांच्या आत राहतो, आणि तो कूलंटमधल्या गंजरोधक रसायनांत मिसळला तर त्यांची शक्ती कमी होऊ शकते. डिस्टिल्ड वॉटर भरून, हलवून, ओतून टाकले तेव्हा पहिल्या पाण्यात पांढरट भुकटी उतरलेली स्पष्ट दिसली. पुढचे पाणी स्वच्छ आले. नळाचे पाणी या कामाला वापरू नये, कारण त्यातले क्षार आत राहतात.

मागणी नोंदवताना गाडीचे मॉडेल आणि वर्ष एवढ्यावर भागत नाही. इंजिन पेट्रोलचे की डिझेलचे, गिअर मॅन्युअल की ऑटोमॅटिक, पंखे एक की दोन, तापमानाच्या सेन्सरसाठी टाकीवर जागा आहे की नाही, या प्रत्येक बाबीने नग बदलतो. हा नग मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक अशा दोन्ही प्रकारांसाठी एकच बनवला असल्याने त्याच्या खालच्या टाकीत गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी वेगळी नळी आहे आणि तिची दोन तोंडे बाहेर आलेली आहेत. माझी गाडी मॅन्युअल असल्यामुळे ती तोंडे रबरी बुचे लावून तशीच ठेवली. त्या नळीचा कूलंटच्या मार्गाशी संबंध नसल्याने त्यातून काही गळण्याचा प्रश्न येत नाही. ऑटोमॅटिक गाडीत मात्र हाच भाग सर्वांत नाजूक ठरतो. ती आतली नळी फुटली तर कूलंट आणि गिअरबॉक्सचे तेल एकमेकांत मिसळते, झाकण उघडल्यावर गुलाबी दुधाळ फेस दिसतो, आणि रेडिएटरच्या कितीतरी पट खर्च गिअरबॉक्सवर होतो.

जुना रेडिएटर काढण्याचे काम अवघड नाही, पण त्यात काही गोष्टी टाळता येत नाहीत. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेले कूलंट झाकण सैल होताच उकळून उसळते आणि त्याने चेहरा व हात गंभीर भाजतात. बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी, कारण अनेक गाड्यांत किल्ली बंद असतानाही विजेचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो आणि तोपर्यंत आपली बोटे पात्यांत असतात. कूलंट घमेल्यात काढले की ते लगेच झाकण असलेल्या डब्यात भरावे. त्यातले इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते, त्यामुळे मांजर-कुत्री ते चाटतात. ते गटारातही सोडू नये.

वर्षानुवर्षे न हललेली होज तोंडाला चिकटून बसलेली असते. ती स्क्रूड्रायव्हरने उचकटण्याऐवजी पक्कडीला फडके गुंडाळून आधी जागच्या जागी फिरवावी, सुटली की मग ओढावी. एअर कंडिशनरचा कंडेन्सर (त्याचा गॅस थंड करणारी जाळी) बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढ्यात, पुष्कळदा त्यालाच बोल्टने जोडलेला असतो. त्याच्या गॅसच्या नळ्या कोणत्याही परिस्थितीत सोडायच्या नसतात. १० नंबरच्या पान्याने त्याचे बोल्ट काढून तो पुढच्या आडव्या पट्टीला दोरीने बांधून ठेवला की रेडिएटर वर उचलून घेता येतो. या वेळी जाळी आणि पंख्याची चौकट यांच्यामध्ये पुठ्ठा सरकवून ठेवावा, कारण पात्या नखाच्या दाबानेही वाकतात. नव्या नगाच्या एका कोपऱ्यातल्या पात्या तर वाहतुकीतच वाकून आल्या होत्या. पेटीच्या चारही कोपऱ्यांना फोमचे ठोकळे होते, पण जाळीच्या समोरच्या बाजूला नुसता पातळ पुठ्ठा होता. एवढ्या नाजूक वस्तूसाठी हे पॅकिंग अपुरे म्हणावे लागेल. पात्या सरळ करण्याच्या फणीने त्या बऱ्याच पूर्ववत झाल्या.

आता जोडण्यांविषयी. रेडिएटर खालच्या दोन खुंट्यांवर रबरी बुशांत उभा राहतो आणि वर दोन कंसांनी धरला जातो. या नगाच्या खुंट्यांवर साच्याच्या जोडाची उंच कड तशीच राहिली होती, त्यामुळे त्या बुशात अर्ध्यावर जाऊन अडकत. कानस फिरवून कड काढली तेव्हा रेडिएटर आपल्या वजनाने खाली बसला. हे काम पाच-दहा मिनिटांचे आहे, परंतु ज्याला कारण लक्षात येणार नाही तो वरून दाब देईल, आणि दाब देऊन बसवलेला रेडिएटर रबरात न तरंगता सतत ताणाखाली राहील. इंजिनाची थरथर रबराने शोषली नाही तर ती टाकीच्या दुमडलेल्या कडेवर जाते आणि नवी चीर तेथूनच सुरू होते. बुश कडक झाले असतील तर तेही याच वेळी बदलावेत.

पंख्याची चौकट ज्या बोल्टांवर बसते त्यांच्यासाठी प्लास्टिकमध्ये पितळी नट बसवलेले आहेत. ही गोष्ट चांगली आहे. स्वस्त नगांत बोल्ट थेट प्लास्टिकमध्ये आटे पाडत जातो आणि दुसऱ्यांदा घट्ट बसत नाही. चारपैकी एका नटाचा कल मात्र किंचित तिरपा होता, म्हणून सर्व बोल्ट आधी बोटांनी चढवून मग पान्याने आवळले. ६ मिलिमीटरच्या बोल्टला मनगटाचा जोर पुरतो; रॅचेटच्या लांब दांड्यावर ताकद लावली की नट प्लास्टिकमधून सुटून जागच्या जागी फिरू लागतो आणि मग तो बोल्ट ना पुढे जातो ना मागे येतो.

दोन्ही होजच्या तोंडांविषयी तक्रार नाही. टोकाची उंचवट्याची कड गोल आणि गुळगुळीत आहे, होज सहज चढते आणि कडेमागे नीट बसते. पेटीत स्क्रूने आवळायच्या क्लिपा दिल्या आहेत. मी त्या न वापरता जुन्या स्प्रिंगच्या क्लिपाच ठेवल्या. रबर गरम-थंड होताना त्याची जाडी बदलते आणि स्प्रिंगची क्लिप त्या बदलाप्रमाणे आपला दाब राखते, तर स्क्रूची क्लिप काही दिवसांनी पुन्हा आवळावी लागते आणि अतिउत्साहाने आवळली तर नव्या प्लास्टिकच्या तोंडालाच इजा करते. नवीन होज घेतली तरी क्लिप जुन्या खुणेवरच बसेल असे पाहावे.

या नगाचा सर्वांत कच्चा भाग म्हणजे खालचा ड्रेन कॉक. तो पांढऱ्या प्लास्टिकचा, तीन-चार आट्यांचा आहे. त्याच्या खोबणीत बसवलेली ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे) इतकी चपटी होती की बोट फिरवले तर ती कडेच्या वर जाणवतही नव्हती. कूलंट भरून इंजिन सुरू करण्यापूर्वी हातपंपाने १ बार दाब दिला, तेव्हा काटा सावकाश उतरू लागला आणि कॉकच्या टोकावर थेंब जमा झाला. कॉक जास्त आवळणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण प्लास्टिकचे आटे लगेच निसटतात. कूलंटला चालणाऱ्या रबराची, त्याच मापाची पण थोडी जाड ओ-रिंग घातल्यावर काटा स्थिर राहिला. ज्या उत्पादकाने जाळी इतकी नेटकी बनवली त्याने एका लहानशा रबरी कड्यात काटकसर करावी याचे आश्चर्य वाटते. दाब-चाचणी न करता गाडी रस्त्यावर आणली असती तर हा थेंब तापल्यानंतरच पडला असता आणि बसवण्यात काहीतरी चुकले, असा समज झाला असता.

झाकणाची गोष्ट याहून गंभीर आहे. सोबत आलेल्या झाकणावर ०.९ बार हा आकडा होता, तर गाडीच्या मूळ झाकणावर १.१. दिसायला दोन्ही सारखी आहेत आणि दोन्ही तोंडावर घट्ट बसतात, त्यामुळे हा फरक आकडा वाचल्याशिवाय कळत नाही. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो: निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण उघड्या भांड्यात साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळते, आणि १ बार दाबाखाली तेच १३० अंशांच्या आसपास जाते. कमी दाबाचे झाकण लावले तर घाटात किंवा उन्हात, जेव्हा ही राखीव मर्यादा लागते तेव्हाच ते लवकर उघडते आणि कूलंट बाहेर टाकते. उलट, जास्त दाबाचे लावले तर होज आणि टाक्यांवर त्यांच्या क्षमतेबाहेर ताण येतो. शिवाय झाकणात दुसरी, उलट दिशेची झडप असते, जी इंजिन थंड होताना बाजूच्या वेगळ्या साठवण-टाकीतले कूलंट परत आत ओढू देते. ती अडकली तर थंड गाडीची वरची होज पोटात गेलेली दिसते. गाडीच्या उत्पादकाने सांगितलेल्या दाबाचे झाकण वेगळे विकत घ्यावे, आणि पेटीतले बाजूला ठेवावे, असेच मी सुचवीन.

कूलंट निवडताना रंगावर विसंबू नये. हिरवे, गुलाबी, निळे हे रंग उत्पादक आपापल्या मर्जीने घालतात. आतले गंजरोधक सिलिकेटचे आहेत की सेंद्रिय आम्लांचे, हे डब्यावरच्या मजकुरातून कळते, आणि वेगळ्या प्रकृतीची दोन कूलंट एकत्र केली तर त्यांचे आयुष्य घटते, प्रसंगी गाळही तयार होतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार घ्यावा. तो तयार मिश्रणाच्या रूपात मिळत असेल तर अधिक सोयीचे, परंतु इंजिनात आधीचे धुण्याचे पाणी शिल्लक असेल तर तयार मिश्रण पातळ होते आणि तेथे पाणी न मिसळलेले घट्ट कूलंट हिशेबाने घालणेच योग्य.

भरण्यापेक्षा हवा काढायला जास्त वेळ लागतो आणि तो दिलाच पाहिजे. गाडीचे नाक थोडे उंच करावे, हीटर सर्वांत गरम खुणेवर ठेवावा, झाकणाच्या जागी घट्ट बसणारे नरसाळे लावून त्यात कूलंट ठेवावे आणि इंजिन चालू द्यावे. बुडबुडे येत राहतात. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो, तेव्हा नरसाळ्यातली पातळी एकदम खाली जाते आणि जी खालची होज तोपर्यंत थंड होती ती गरम लागू लागते. पंखा एकदोनदा सुरू होऊन बंद झाला आणि हीटरमधून सलग गरम हवा आली की काम झाले असे समजावे. काही इंजिनांवर हवा काढण्यासाठी स्वतंत्र स्क्रू असतो; तो असेल तर वापरावा. दुसऱ्या दिवशी, इंजिन पूर्ण थंड असताना पातळी पुन्हा पाहावी, कारण अडकलेला शेवटचा बुडबुडा रात्रीत वर येतो आणि पातळी थोडी उतरलेली असते.

वापरातला अनुभव चांगला आहे. एअर कंडिशनर चालू ठेवून गाडी जागेवर उभी असताना, जे रेडिएटरसाठी लांबच्या प्रवासापेक्षाही कठीण काम असते, तापमानाचा काटा पूर्वीच्याच जागी राहतो आणि पंखा पूर्वीइतक्याच अंतराने चालू-बंद होतो. सलग चढावावरही काटा हलला नाही. टाकी आणि जाळी यांच्या दुमडलेल्या कडेवर कोरडे बोट फिरवून पाहिले, कोठेही ओल किंवा खपली नाही. नायलॉन किती वर्षे टिकेल याचे उत्तर आज देता येणार नाही. टाकीवर काचतंतूंचे प्रमाण दर्शवणारी खूण ठळक छापलेली आहे, एवढे पाहून समाधान मानावे लागते. हमीपत्रात नुसते पाणी वापरल्यास हमी संपेल अशी अट आहे. ती मला रास्त वाटते, कारण गंजरोधकाशिवाय ॲल्युमिनियमच्या नळ्या आतून झिजतात.

मॅन्युअल गाडी, हाताशी पाने आणि दाब-चाचणीचा पंप असेल, कानस आणि ओ-रिंग यांचा किरकोळ खटाटोप मान्य असेल, तर हा रेडिएटर जरूर घ्यावा. मात्र योग्य दाबाचे झाकण आणि कॉकची ओ-रिंग त्याच मागणीत लिहून टाकावी. ऑटोमॅटिक गाडीसाठी मी हा नग घेणार नाही. जाळी कितीही चांगली असली तरी तेलाची नळी टाकीच्या आत असते, ती भिंगातून पाहता येत नाही, आणि ज्या उत्पादकाने डोळ्यांसमोरच्या ओ-रिंगमध्ये कसर केली त्याच्या न दिसणाऱ्या सांध्यावर गिअरबॉक्स सोपवण्यापेक्षा मूळ भागाचे जादा पैसे देणे मला पटते.